चेहऱ्याच्या औषधाला सबुरीचे पथ्य



गेल्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभी असताना एका मैत्रिणीने मला बाजूला घेतले आणि पर्समधून एक ट्यूब काढून दाखवली. "तू फार्मसीत आहेस म्हणून विचारते. भारतातून आणवली आहे. लेकाच्या मुरुमांना लावू का?" ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचायला मला चष्मा काढावा लागला, पण वाचल्यावर उत्तर द्यायला वेळ लागला नाही. अशीच एक ट्यूब माझ्या घरात येऊन गेली होती. संपादकांनी या सदरासाठी लेख मागितला तेव्हा ठरवले की तीच हकीकत सांगायची आणि त्यातून आम्ही जे शिकलो ते नीट मांडायचे. मुलीची परवानगी घेतली आहे. ती आता कॉलेजात आहे. "आई, लिही, पण रडकं लिहू नकोस," एवढीच तिची अट.

दिव्याखाली अंधार

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही पुण्याला गेलो होतो. मुलगी तेव्हा सोळा वर्षांची. कपाळावर आणि गालांवर मुरूम, आणि मुरूम गेला तरी मागे राहणारा काळा डाग. त्यात त्वचा अशी नाजूक की नवा साबण लावला तरी लाल व्हायची, चुरचुरायची. एका रात्री मी बहिणीला म्हटले, "हिच्या चेहऱ्याचं काहीतरी करायला हवं गं, हल्ली फोटोसुद्धा काढू देत नाही." शेजारच्या खोलीत मुलगी जागी होती हे मला फार नंतर कळले. दुसऱ्या दिवशी मावशीने मायेपोटी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून क्रीमच्या चार ट्यूब आणून भाचीच्या हातात ठेवल्या. डॉक्टरांची चिठ्ठी कोणी मागितली नाही.

न्यू जर्सीला परत आल्यावर पंधरा दिवसांत चेहरा नितळ झाला. गणपतीत सगळ्या म्हणाल्या, "किती उजळलीस गं!" मीही सुखावले. कशाने उजळली हे विचारावे, असे औषधांच्या दुकानात इतकी वर्षे काढलेल्या मला सुचले नाही. डिसेंबरात चौथी ट्यूब संपली आणि दहा दिवसांत चेहरा पेटला. लाल, गरम, बारीक पुटकुळ्यांनी भरलेला. नुसते पाणी लागले तरी आग. तेव्हा तिने टेबलाचा खण उघडून रिकाम्या ट्यूब माझ्यापुढे ठेवल्या. घटकांच्या यादीत पहिलेच नाव होते बीटामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड. सोबत एक प्रतिजैविक आणि एक बुरशीवरचे औषध.

स्टिरॉइड लालसरपणा आणि सूज दाबते, रंगही थोडा फिका करते. त्यामुळे आठवड्या-दोन आठवड्यांत जादू झाल्यासारखी वाटते. पण आतून त्वचा पातळ होत जाते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, केस वाढतात, आणि खुद्द स्टिरॉइडमुळेच मुरूम येतात. थांबवले की दाबलेले सगळे दुप्पट वेगाने वर येते. मग माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. भारतातील त्वचारोगतज्ज्ञ हे अनेक वर्षे सांगत आले आहेत. २०१८ साली तिथल्या सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियमही केला. नियम कागदावर राहिला आणि ट्यूब आमच्या बॅगेतून अटलांटिक ओलांडून आली.

वाचकहो, ट्यूबवर ही नावे दिसली तर चेहऱ्याला लावण्याआधी थांबा: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. ही औषधे वाईट नाहीत. इसबासारख्या विकारांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती फार उपयोगी पडतात. पण मुरुमांवर किंवा गोरे होण्यासाठी ती नाहीत. कोणी महिनोन् महिने लावत असेल तर मनाने एकदम बंदही करू नये. ट्यूबसकट त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. आमच्या मुलीचे औषध डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने सोडवले आणि चेहरा शांत व्हायला सात-आठ महिने लागले. गोरे करणाऱ्या काही क्रीममध्ये पारासुद्धा असतो. घटकांत कॅलोमेल किंवा मर्क्युरी हे शब्द दिसले, अथवा डबीवर घटकांची यादीच नसली, तर ती डबी घरात ठेवू नये.

मुरूम होतो कसा

औषध निवडायचे तर आधी आजार समजायला हवा. आपल्या चेहऱ्यावरच्या प्रत्येक सूक्ष्म केसाच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. वयात येताना हार्मोन वाढतात तशी ती जास्त तेल करू लागते. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसते. आत साठलेल्या तेलात, एरवी आपल्या त्वचेवर निमूट राहणारे जिवाणू वाढतात. शरीर त्यांच्यावर धावून जाते आणि सूज येते. तेल, बूच, जिवाणू आणि सूज, या चार गोष्टी मिळून मुरूम होतो. प्रत्येक औषध या चारांपैकी एक-दोन गोष्टींवरच काम करते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की मुरूम घाणीमुळे होत नाही, त्यामुळे घासून जात नाही. दुसरी अशी की आज दिसणाऱ्या मुरुमाची सुरुवात काही आठवड्यांपूर्वी झालेली असते. म्हणून कोणतेही खरे औषध आठ ते बारा आठवड्यांआधी आपला गुण दाखवत नाही. पंधरा दिवसांत सगळे साफ करणाऱ्या क्रीमकडे संशयाने पाहावे.

आधी काय बंद करायचे

डॉक्टरांच्या पहिल्या भेटीत आम्हाला नवे औषध मिळालेच नाही. आधी चेहऱ्यावरचा मारा थांबवा, असे सांगितले. संवेदनशील त्वचेत वरचा संरक्षक थर कमकुवत झालेला असतो. विटांची भिंत आणि त्यातला चुना असे समजा. चुना निघाला की आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरतात. आमच्या घरातून पुढील गोष्टी गेल्या:

१. लिंबाचा रस. तो अतिशय आम्ल असतो आणि लावून उन्हात गेल्यास त्वचा पोळून काळे डाग पडू शकतात. खाण्याचा सोडा उलट टोकाचा, अल्कधर्मी. टूथपेस्टही मुरुमासाठी नाही.

२. डाळीच्या पिठाने किंवा दाणेदार स्क्रबने घासणे. दिवाळीच्या पहाटे उटणे अवश्य लावावे, अंगाला. सुजलेल्या चेहऱ्याला मात्र त्यातून सवलत द्यावी.

३. साधा वडीचा साबण. त्याचा सामू साधारण ९ ते १० असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास. दिवसातून तीनदा साबण लावला की भिंतीतला चुना निघणारच.

४. कढत पाण्याची अंघोळ. इथल्या हिवाळ्यात घरातल्या हीटिंगने हवा आधीच कोरडी असते. चेहऱ्याला कोमट पाणी पुरे.

५. रोज रात्रभर डोक्याला तेल. तेल कपाळावर आणि उशीवर उतरते आणि छिद्रे बुजवते. आजींना मी सांगितले, शनिवारी सकाळी तेल लावा, दुपारी केस धुऊ. त्या कुरकुरल्या, पण तयार झाल्या.

आंबा, तूप, "अंगातली उष्णता" यांवर आमच्याकडे फार चर्चा झाली. फार गोड आणि मैद्याचे पदार्थ किंवा व्यायाम करणाऱ्या मुलांच्या व्हे प्रोटीनच्या पावडरी यांचा काहींना त्रास होतो असे दिसते, पण आहाराने सर्वांचे मुरूम बरे होतात असे म्हणण्याइतका पुरावा नाही. मुलांच्या पानातला आंबा काढून घेऊ नये.

तीन गोष्टींची दिनचर्या

औषधाआधी तीन आठवडे मुलीने फक्त एवढेच केले. सकाळ-संध्याकाळ सौम्य, बिनवासाच्या क्लीन्झरने बोटांनी हलकेच चेहरा धुवायचा आणि मऊ टॉवेलने टिपायचा. ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचे. त्यात ग्लिसरीन किंवा सेरामाइड असावे. तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर कशाला, असे आपल्याला वाटते. पण मुरुमांची औषधे त्वचा कोरडी करतात आणि कोरडी, चिडलेली त्वचा ती सहन करत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे सकाळी किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन.

बाटलीवर दोन शब्द पाहावेत. "नॉन-कोमेडोजेनिक" म्हणजे छिद्रे बुजवणार नाही या बेताने बनवलेले. "फ्रॅगरन्स-फ्री" म्हणजे सुगंध न घातलेले. "अनसेंटेड" हा शब्द मात्र फसवा. त्यात मूळ वास झाकण्यासाठी दुसरा सुगंध असू शकतो.

सनस्क्रीनबद्दल आपल्या वर्णासाठी एक खास गोष्ट. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत मुरुमापेक्षा त्यानंतरचा काळा डाग जास्त दिवस राहतो, आणि नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही तो गडद होतो. आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित रंगाचे सनस्क्रीन तो प्रकाश अडवते. पांढऱ्या थराची तक्रारही त्याने मिटते.

चार औषधे, चार कामे

इथे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांपैकी ही चार ओळखीची असावीत.

बेन्झॉइल पेरॉक्साइड: जिवाणू मारते. अडीच ते दहा टक्क्यांपर्यंत मिळते. अडीच टक्क्यांचे दहा टक्क्यांइतकेच काम करते आणि आग कमी करते, म्हणून नाजूक त्वचेने तिथेच सुरुवात आणि बहुधा शेवटही करावा. टॉवेल आणि उशीच्या अभ्य्राचा रंग जातो, पांढरेच वापरावेत. ट्यूब तापलेल्या गाडीत ठेवू नये. उष्णतेने त्यात बेन्झीन हे घातक द्रव्य तयार होऊ शकते. मार्च २०२५ मध्ये एफडीएने तपासलेल्या ९५ उत्पादनांपैकी बहुतेकांत ते नव्हते किंवा अत्यल्प होते, पण मोजकी परत मागवावी लागली. मुदत संपलेली ट्यूब टाकून द्यावी.

अडापलीन ०.१ टक्का: हे रेटिनॉइड बूच बसू देत नाही. २०१६ पर्यंत चिठ्ठी लागत असे. आता १२ वर्षांवरील मुलांसाठी दुकानात मिळते. गरोदर असणाऱ्या किंवा तसा विचार असणाऱ्या स्त्रियांनी वापरू नये.

सॅलिसिलिक अ‍ॅसिड अर्धा ते दोन टक्के: छिद्रातले बूच सैल करते. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांना बरे, सुजलेल्या मोठ्या मुरुमांना कमी पडते.

अझेलाइक अ‍ॅसिड: दहा टक्क्यांचे दुकानात, पंधरा आणि वीस टक्क्यांचे चिठ्ठीवर. मुरूम आणि मागचे डाग दोन्हींवर काम करते आणि गरोदरपणातही डॉक्टर बहुधा याचाच विचार करतात. सुरुवातीला थोडी खाज येते.

चारही एकदम घेऊ नयेत. एका वेळी एकच नवी गोष्ट, नाहीतर त्रास कशाचा झाला हे कळत नाही.

औषध चढवण्याची रीत

आधी परीक्षा घ्यावी. बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिडने क्वचित कोणाला तीव्र अ‍ॅलर्जी होते. म्हणून एफडीएने २०१४ साली सुचवले की प्रथम तीन दिवस एक-दोन लहान जागीच थोडेसे लावून पाहावे. घसा आवळणे, श्वास लागणे, ओठ किंवा डोळे सुजणे असे काही झाले तर औषध बंद करून ताबडतोब ९११. नुसती थोडी चुरचुर आणि कोरडेपणा ही वेगळी गोष्ट. ती प्रमाण कमी करून आवरता येते.

आमच्या घरी अडापलीन असे चढवले. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री. पुढचे दोन आठवडे एक रात्र सोडून. मग सोसले तर रोज. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करायचा, मॉइश्चरायझरचा पातळ हात द्यायचा, त्यावर वाटाण्याएवढे औषध पूर्ण चेहऱ्याला, आणि वर पुन्हा मॉइश्चरायझर. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठ सोडायचे. नुसत्या मुरुमावर ठिपका देऊन उपयोग नाही, कारण पुढचा मुरूम शेजारी तयार होत असतो. त्वचा सोलू लागली की दोन रात्री सुट्टी. पहिल्या महिन्यात मुरूम थोडे वाढलेले दिसू शकतात. तिथेच बहुतेक जण सोडून देतात. मुलीनेही पाचव्या आठवड्यात ट्यूब फेकली होती. मी ती केराच्या डब्यातून काढून पुसून ठेवली. दुसऱ्या रात्री तिने स्वतःच मागितली.

डॉक्टरांकडे केव्हा

बारा आठवडे नेमाने करूनही फरक नसेल; मुरूम खोल, दुखरे, गाठीसारखे असतील; खड्डे पडू लागले असतील; मुलीची पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर केस येत असतील; किंवा मूल आरशासमोर रडत असेल, शाळा चुकवत असेल, तर वाट पाहू नये. शेवटचे कारण पहिल्याइतकेच वैद्यकीय आहे. डॉक्टरांकडे तीव्र क्रीम, काही महिन्यांपुरती प्रतिजैविके, मुलींसाठी हार्मोनवरची औषधे आणि गंभीर मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन आहे. हे शेवटचे औषध फार गुणकारी, पण गर्भाला निश्चित अपाय करणारे. म्हणून २००६ पासून इथे ते आय-प्लेज या नोंदणीतूनच मिळते. भारतातून कोणी आणून देतो म्हणाले तरी घेऊ नये.

खिशाचा हिशेब

हे सदर आरोग्याचे तसेच अर्थाचे. एकदा मी बाथरूमचे कपाट रिकामे केले तेव्हा अकरा अर्धवट बाटल्या निघाल्या. प्रत्येकीवर वेगळे आश्वासन आणि आत तीच दोन द्रव्ये. तेव्हापासून आमचा नियम: समोरचे चित्र पाहायचे नाही, मागची "ड्रग फॅक्ट्स" ची चौकट वाचायची. तिथे अ‍ॅक्टिव्ह इन्ग्रेडियंट आणि टक्केवारी सारखी असेल तर दुकानाच्या स्वतःच्या नावाची स्वस्त ट्यूब घ्यावी. अडापलीनची ४५ ग्रॅमची ट्यूब रोज अर्धा ग्रॅम वापरली तर ९० दिवस पुरते. म्हणजे एका ट्यूबमध्ये एक संपूर्ण परीक्षा होते. ती पूर्ण होण्याआधी दुसरे काही विकत घेऊ नये.

नोकरीतून फ्लेक्सिबल स्पेंडिंग किंवा हेल्थ सेव्हिंग्ज खाते असेल तर २०२० च्या कायद्यापासून चिठ्ठीशिवायच्या औषधांचा खर्च त्यातून करता येतो. मुरुमांची औषधे त्यात बसतात, एसपीएफ १५ किंवा अधिकचे सनस्क्रीनही सहसा बसते. साधे मॉइश्चरायझर बसत नाही. पावत्या जपाव्यात. फ्लेक्सिबल खात्यातले उरलेले पैसे वर्षअखेरीस बुडू शकतात, तेव्हा आपल्या योजनेचा नियम आधीच विचारून घ्यावा. चिठ्ठीवरचे औषध महाग निघाले तर डॉक्टरांना जेनेरिक मागावे आणि फार्मसिस्टला विम्याशिवायची किंमतही विचारावी. कधी कधी तीच कमी असते. काउंटरच्या आतून सांगते, हे विचारण्यात कमीपणा काही नाही.

शेवटी एक विनंती

आजही मुलीच्या हनुवटीवर महिन्यातून एखादा मुरूम येतो. तिला त्याचे फारसे काही वाटत नाही. पण त्या वर्षाबद्दल विचारले तर ती आग होण्याबद्दल बोलत नाही. शेजारच्या खोलीतून ऐकलेले माझे वाक्य ती सांगते. मग हॉलमध्ये भेटलेल्या काकू-मावश्यांचे, "अगं, हे काय झालं तोंडाला?" आणि नंतरचे, "किती उजळलीस!" तिच्या हिशेबात दोन्ही सारखीच, कारण दुसरे ऐकून तिने चौथी ट्यूब उघडली.

तेव्हा विनंती अशी. दिवाळीच्या कार्यक्रमाला मुले येतील तेव्हा त्यांना अभ्यासाचे विचारा, खेळाचे विचारा, नाटकात कोणते काम केले ते विचारा. चेहऱ्याबद्दल चांगले वा वाईट काहीही बोलू नका. आणि भारतातून आलेली एखादी ट्यूब घरात असेल तर ती पुढच्या कार्यक्रमाला घेऊन या. मी चहाच्या टेबलापाशी असेन. घटक वाचून सांगायला दोन मिनिटे पुरतात. बहिणीशी माझे भांडण झाले नाही. तिने माया केली होती. विचारायचे मीच राहून गेले होते.